एका खोलीत गळा आणि ड्रम्स

गळा आणि ड्रम्स एकाच खोलीत रेकॉर्ड करायचे ठरवलं की दोघांच्या मागण्या आधीच भांडायला लागतात. ड्रम्सना उसळी हवी असते. काठी पडली की आवाज सुटावा, भिंतीवर जाऊन परत यावा, त्यात हवा असावी. गळ्याला जवळीक हवी असते. माइकपासून वीतभर अंतरावर गाताना ओळीआधी घेतलेला श्वास आणि शब्दाच्या शेवटी हळूच सोडलेला स्वर ऐकू यावा, पण त्याच्यामागे खोली ऐकू येऊ नये. घरातली साधी खोली यातलं काहीच देत नाही. तिथे सगळंच डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येतं.

याचं कारण अंतरात आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. मोठ्या सभागृहात भिंतीवरून परतणारा आवाज इतका उशिरा येतो की मूळ आवाज तोवर सुटा, स्वच्छ कानावर पडलेला असतो. मागून येणारा तो घुमारा आपल्याला सुखाचा वाटतो. दहा-बारा फुटांच्या खोलीत तोच परतीचा आवाज पहिल्या दहा-पंधरा मिलिसेकंदांत येऊन मूळ आवाजाला चिकटतो. कानाला दोन्ही वेगळे करता येत नाहीत, फक्त रंग बिघडलेला कळतो. त्यामुळे लहान खोलीत मोठ्या खोलीचा आवाज मिळत नाही, कितीही पैसे ओता. हे एकदा मनापासून मान्य केलं की खरं काम सुरू होतं.

आमची खोली नाशिकच्या घरात तळमजल्यावर आहे. अडगळीची होती. जुन्या बांधणीची, नऊ इंची विटांच्या भिंतींची, लांबी बारा फूट तीन इंच, रुंदी दहा फूट, उंची साडेनऊ. एक खिडकी मागच्या गल्लीकडे, एक दार जिन्याच्या बोळात उघडणारं. लेक ड्रम्स वाजवते, मी गातो. वरच्या मजल्यावर काका-काकू राहतात. त्यांची दुपारची झोप आणि रात्री दहानंतरची शांतता हा या खोलीच्या आराखड्यातला पहिला आकडा होता. कायद्याचे आकडे त्यानंतर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोकळ्या हातानं वाजवलेला ड्रम सेट बंद खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो. म्हणजे भिंत, खिडकी आणि दार यांनी मिळून निदान पन्नास डेसिबल खाल्ले पाहिजेत.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा, कारण त्यापायी लोकांचे पैसे अक्षरशः पाण्यात जातात. आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक काम आहे आणि खोलीच्या आत आवाज चांगला करणं हे दुसरं. दोन्हींचं सामान वेगळं, हिशेब वेगळा. अंड्यांचे ट्रे किंवा टोकदार फोम भिंतीला चिकटवून शेजाऱ्यांना कणभरही फरक पडत नाही. आवाज अडतो वजनानं आणि फटी बुजवल्यानं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर हिशेबानं सहा डेसिबल मिळतात, प्रत्यक्षात थोडे कमीच. फटींचं गणित त्याहून कडक आहे. सात फूट बाय तीन फूट दाराखाली पाऊण इंच फट राहिली तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. पण एक टक्का उघडं राहिलं की ते दार वीस डेसिबलच्या पुढे जात नाही, मग ते सागवानी असो की लोखंडी. म्हणून आमच्याकडे सगळ्यात आधी दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आली, खाली उंबरठा आला आणि खिडकीच्या आतून दुसरी जाड काच बसली, मध्ये चांगलं चार बोटं अंतर ठेवून.

किकचं, म्हणजे पायानं पेडल दाबून वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, प्रकरण निराळं. पेडलचा हातोडा हवेला हलवतो तसाच जमिनीलाही ठोकतो, आणि तो धक्का स्लॅबमधून हवेपेक्षा आनंदानं प्रवास करतो. फ्लॅटमध्ये ड्रम्स वाजवणाऱ्यांची खरी भांडणं खालच्या मजल्याशी होतात ती यामुळेच. त्यांच्यासाठी प्लायच्या दोन थरांमध्ये टेनिसचे चेंडू अडकवून केलेला ओटा हा सोपा आणि खरोखर चालणारा उपाय आहे. आमच्या खोलीखाली मातीच आहे, त्यामुळे जाड सतरंजीवर भागलं. तळमजला मिळणं हे ड्रमरचं भाग्य.

सामान आणायच्या आधी खोली ऐकायला हवी. रिकामी करून, दार लावून, पंखा बंद करून. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली की समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये ती अडकते आणि 'टर्र' असा बारीक, धातूसारखा आवाज काढत विरते. तो आवाज स्नेअरवर, म्हणजे सेटमधल्या खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर, बसला तर कुठल्याही यंत्रानं निघत नाही. टाळीनंतर गळा. मंद्रातून हळूहळू वर सरकत नुसता 'आ' लावायचा, कुठेही जोर न देता. एका स्वरावर खोली अचानक जोरात बोलायला लागते, गाणारा तेवढाच, पण आवाज दुप्पट. आमच्या खोलीत हा स्वर नेमका माझ्या षड्जावर आला.

हा योगायोग उलगडून सांगण्यासारखा आहे. दोन भिंतींमधल्या अंतरात ध्वनिलहरीची अर्धी लांबी बरोबर बसली की तो स्वर तिथे उभा राहतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरही तसेच. बारा फूट तीन इंच म्हणजे ३.७३ मीटर. तिथे पहिला स्वर ४६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४६ कंपनांवर, दुसरा ९२ ला आणि तिसरा १३८ ला. माझी पट्टी काळी एक, तिचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा. खोली बांधणाऱ्या गवंड्यानं जणू माझ्या तंबोऱ्याशी मिळवून भिंती उभ्या केल्या होत्या! मैफलीत हे वरदान वाटलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र प्रत्येक 'सा' फुगतो, शेजारचा रिषभ सपाट राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गाणाऱ्याचा आवाजावर ताबा नाही.

दगडी गाभाऱ्यात ओंकार लावला की अंगावर काटा येतो, त्यामागेही हेच आहे. समजा गाभारा आठ फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच आहे. मग तिन्ही दिशांना एकच स्वर उभा राहतो, ७० हर्ट्झच्या थोडा वर, आणि त्याच्या दुप्पट १४० च्या वर, म्हणजे पुरुषाच्या सहज लागणाऱ्या आवाजात. तिन्ही जोड्या एकाच स्वराला उचलतात, भोवती दगड असल्यामुळे त्यातलं काही शोषलंही जात नाही. देवापुढे उभं राहून एकच स्वर धरायचा असेल तर याहून सुंदर खोली नाही. ज्याला सात स्वर गायचे आहेत त्यानं मात्र चौकोनी ठोकळ्यासारखी खोली टाळावी. आमच्या खोलीत रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी, म्हणून ५६ आणि ५९ हर्ट्झचे दोन स्वर एकमेकांना खेटून बसलेत. ही किकची जागा आहे. लेकीनं सेट पहिल्यांदा मांडला तेव्हा किकचा एक ठोका संपायच्या आत दुसरा त्यावर येऊन पडत होता.

भिंती हलवता येत नाहीत, माणूस हलवता येतो. उभा राहिलेला तिसरा स्वर खोलीच्या लांबीत सगळीकडे सारखा नसतो. लांबीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे भिंतीपासून चार फुटांवर तो सर्वांत जास्त आणि मध्याशी जवळजवळ नाहीसा. मी चार फुटांवर उभा राहून गात होतो, कारण स्टँड तिथे सोयीचं पडत होतं. माइक आणि मी सहा फुटांच्या खुणेपाशी सरकलो आणि षड्ज आपल्या मापात आला. एक पैसा खर्च न करता! घरात रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की फोमच्या ऑर्डरआधी एक दुपार स्टँड सरकवण्यात घालवा.

शोषणाचा हिशेब जगाला दिला तो वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं या तरुण प्राध्यापकाला फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह दुरुस्त करायला सांगितलं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, त्यामुळे व्याख्यान कळतच नसे. सॅबाइन रात्री, रस्ते शांत झाल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणत, ऑर्गनची एक नळी वाजवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते कानानं मोजत. उजाडायच्या आत गाद्या परत. गाद्या वाढवत नेल्या तसा वेळ कमी होत गेला आणि त्यातून सूत्र निघालं: विरायचा वेळ म्हणजे खोलीचं घनफळ भागिले एकूण शोषण, गुणिले ०.१६१. शोषण मोजायचं माप त्यांनी घेतलं उघड्या खिडकीचं. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल याच हिशेबावर उभा राहिला.

आमच्या खोलीचं घनफळ ३३ घनमीटर. घुमारा तीन दशांश सेकंदांवर आणायचा तर सूत्रानं १८ चौरस मीटरच्या आसपास उघड्या खिडकीएवढं शोषण लागतं. सगळ्या भिंती, छत आणि जमीन मिळून पृष्ठभाग ६२ चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ तीस टक्के. इतक्या लहान खोलीत, आणि खालच्या सुरांसाठी तर हे सूत्र काटेकोर चालत नाही, पण अंदाजाला पक्कं आहे. कोपऱ्यात चार फोमचे तुकडे लावून काही होणार नाही, हे एवढ्या एका भागाकारातून कळतं.

आणि फोम इंचभर जाडीचा असेल तर तो खोली अर्धीच गप्प करतो. झांजांची चमक, 'स' आणि 'श' खाऊन टाकतो, खालचा गडगडाट मात्र तसाच राहतो. आवाज कोंदट होतो. घरगुती स्टुडिओंमध्ये मला सर्वांत जास्त ऐकू येणारा दोष हाच. भिंतीला अगदी चिकटून हवेचे कण हलूच शकत नाहीत, त्यामुळे तिथे चिकटवलेला मऊ थर खालच्या सुरांचं काही वाकडं करत नाही. थर भिंतीपासून लांब हवा आणि जाड हवा. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब, तिचा चौथा भाग ८६ सेंटिमीटर. तेवढी जागा घरात कुणी देणार नाही, पण चार इंच जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, आणि मागे चार इंच पोकळी एवढं दिलं तरी गळ्याच्या सगळ्या सुरांना पुरतं.

माळ्यावर आजीच्या काळातल्या कापसाच्या गाद्या होत्या, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या, चांगल्या वजनदार. त्या उभ्या गुंडाळून चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रचल्या. कोपऱ्यात सगळे उभे स्वर गोळा होतात, त्यामुळे कमी सामानात जास्त काम तिथेच होतं. किकचा ढग त्या दिवशीच उतरला. गोधड्याही टांगल्या, भिंतीपासून हातभर सोडून. फक्त वायरी, दिवे आणि कापूस यांना एकमेकांपासून लांब ठेवणं हे घरातल्या मोठ्या माणसाचं काम, त्यात चालढकल नको.

बाकीचे चौकटींचे फलक सुतारमामांनी केले. सहा फूट बाय दोन फूट, पाइनच्या पट्ट्या, आत घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल. मामांना मागून प्लाय मारायचा होता, नाहीतर काम उघडंबोडकं दिसतं म्हणाले. पाठ उघडी ठेवली तरच मागची पोकळी कामाला येते, हे त्यांना पटायला वेळ लागला. कापडाच्या दुकानात तर मी प्रत्येक ताग्याला तोंड लावून फुंकर मारली. पलीकडे तळहाताला हवा लागली तर ते कापड चालेल. रेक्झिन, जाड पडद्याचं कापड हवा अडवतं आणि वरचा आवाज सरळ परत फेकतं. शेवटी मांजरपाट घेतला, धुऊन, रंगवून. रॉकवूलचे तंतू अंगाला खाजतात, म्हणून भरताना हातमोजे, तोंडावर फडकं आणि वर दुहेरी कापड.

हे फलक कुठे लावायचे, याचं एक साधं उत्तर गाणारे बहुतेक वेळा चुकवतात. आपले नेहमीचे माइक समोरून ऐकतात, पाठीमागून फार कमी. माइकच्या समोर कोण? गाणारा. आणि गाणाऱ्याच्या मागे असलेली भिंत. ती भिंत माइकला सरळ दिसते. म्हणून मऊ पडदा हवा तो गाणाऱ्याच्या पाठीशी. माइकच्या मागे अर्धगोल ढाल लावून पाठीशी उघडी भिंत ठेवणं म्हणजे पुढचं दार लावून मागचं सताड सोडणं.

आता अवघड भाग. सगळं शोषून घेतलेल्या खोलीत गाता येत नाही. स्वर ओठांतून निघतो आणि तिथेच पडतो. कानाला परत काहीच येत नाही, म्हणून गाणारा जोर लावतो, गळा थकतो, सूर खाली बसू लागतो. आपल्याकडे तंबोऱ्याशिवाय गायला बसत नाहीत ते नुसतं पट्टी कळावी म्हणून नाही. भोवती काहीतरी भरलेलं असावं लागतं, स्वराला टेकायला जागा लागते. ड्रमरचंही तेच. कोरड्या खोलीत लेक जास्त जोरात वाजवू लागली, मनगटाऐवजी खांद्यातून. मोजमापात त्या दिवशीची खोली उत्तम होती आणि दोघांचंही गाणं-वाजवणं वाईट होतं. खोली माइकसाठी बांधायची तितकीच वाजवणाऱ्याच्या कानासाठी बांधायची असते, आणि दोन्हींत ओढाताण झाली तर मी कानाच्या बाजूनं उभा राहीन. बिघडलेला रंग थोडाफार दुरुस्त होतो, धास्तावलेलं गाणं होत नाही.

म्हणून फलकांना दुसरा चेहरा दिला. एका अंगाला कापड, दुसऱ्या अंगाला मध्ये फटी सोडून बसवलेल्या लाकडी पट्ट्या, खाली चाकं. मी गातो तेव्हा मऊ बाजू माझ्या पाठीशी, आणि डावीकडे हातभर अंतरावर एक लाकडी बाजू, जिच्यावरून माझा आवाज मला थोडा परत मिळतो. लेक वाजवते तेव्हा सेटच्या समोर लाकूड, मागे मऊ. एका लांब भिंतीला पुस्तकांचं कपाट तसंच ठेवलंय. कमी-जास्त रुंदीची, उंचीची पुस्तकं आवाज गिळत नाहीत, विखरून टाकतात. मॅनफ्रेड श्रोडर या भौतिकशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात अंकशास्त्रातल्या क्रमांवरून कमी-जास्त खोल खाचांचे फलक सुचवले, तेव्हापासून स्टुडिओंच्या मागच्या भिंतींवर ते दिसतात. माझं कपाट त्या अचूकपणाच्या जवळपासही नाही, पण 'टर्र' मात्र पूर्ण गेलं.

छताचा प्रश्न फक्त ड्रम्सचा. वरून लावलेले दोन माइक छतापासून जेमतेम तीन फूट खाली येतात. झांजेचा आवाज माइकमध्ये शिरतो, वर जातो, छतावरून परत येतो, सुमारे सहा फूट जास्त चालून, म्हणजे पाच-सव्वापाच मिलिसेकंद उशिरा. दोन्ही एकमेकांत मिसळून काही सूर फुगतात, काही पुसले जातात आणि झांज पत्र्यासारखी वाजते. सेटच्या डोक्यावर तेच दोन फलक आडवे टांगले. साडेनऊ फुटांचं छत त्यानं उंच झालं नाही, पण माइकच्या दृष्टीनं नाहीसं झालं.

तरी उसळी येईना. सगळं स्वच्छ, नेटकं, आणि लेक म्हणाली, "बाबा, हे वहीवर वाजवल्यासारखं वाटतंय." तिनं मला लेड झेपेलिन या इंग्रजी रॉक बँडच्या १९७१ च्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचे ड्रम्स ऐकवले. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याच्या तळाशी बँडचे ड्रमर जॉन बॉनम यांचा सेट मांडला होता आणि इंजिनिअर अँडी जॉन्स यांनी वरच्या मजल्यावरून दोन माइक जिन्याच्या पोकळीत सोडले होते. ड्रम्सना अगदी जवळून ऐकण्याच्या काळात त्यांनी घराला ऐकलं. ऐकता ऐकता आम्ही दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. बोळात आमचा जिना, शहाबादी फरशीच्या पायऱ्या, वर गच्चीच्या दारापर्यंत उघडी पोकळी. तीन मजल्यांची उंची, चुन्याच्या भिंती, एक इंच कापड नाही.

आता ड्रम्सच्या टेकला, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड करताना, खोलीचं दार अर्धं उघडं असतं आणि एक माइक पहिल्या वळणावर, पायऱ्यांकडे तोंड करून. जवळच्या माइकांत काठीचं टोक ऐकू येतं, जिन्यातल्या माइकमध्ये घर. दोन्ही किती मिसळायचे यावर आमचं रोज वाजतं. तिला जिना जास्त हवा असतो. गाण्याच्या टेकला दार पूर्ण बंद, रबरी पट्टी घट्ट बसेपर्यंत.

अडचण एवढीच की दार उघडलं की पन्नास डेसिबलचा सगळा बंदोबस्त संपतो. काकूंशी बोलणं झालं. गुरुवारी दुपारी तीन ते पाच त्या भजनी मंडळात असतात आणि काका त्यांना सोडायला जाऊन तिथेच वाचनालयात बसतात. जिन्यातलं सगळं काम त्या दोन तासांत. एप्रिल-मे महिन्यांत त्या वेळी पंखा बंद करून वाजवणं सोपं नाही, सेटवर घाम टपकतो, पण पंख्याची पाती माइकमध्ये आवाजाला हलवतात, त्याला इलाज नाही. पावसाळ्यात गच्चीच्या दारावरचा पत्रा वाजतो, त्यासाठी जुन्या सतरंजीचा दुहेरी थर टाकून वर ताडपत्री बांधायची आहे. सुतारमामा पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत.